पोलीस भावांची गोष्ट: 'द शिकागो कोड' बघावी की 'ब्लू ब्लड्स'?

दोन्ही अमेरिकी मालिका एकाच हंगामातल्या. सप्टेंबर २०१० मध्ये सीबीएसवर 'ब्लू ब्लड्स' आली, फेब्रुवारी २०११ मध्ये फॉक्सवर 'द शिकागो कोड'. पहिली २०२४ पर्यंत चालली: १४ पर्वं, २९३ भाग. दुसरी १३ भागांतच बंद झाली. दोन्हींच्या मुळाशी दुखणं मात्र एकच आहे. पोलीस खात्यातला एक भाऊ मारला गेलाय आणि मागे राहिलेला भाऊही पोलीसच आहे.

'ब्लू ब्लड्स'मध्ये हे दुःख अख्ख्या घराचं आहे. न्यूयॉर्कच्या रेगन कुटुंबात वडील फ्रँक पोलीस आयुक्त, आजोबा माजी आयुक्त, थोरला डॅनी डिटेक्टिव्ह, मुलगी एरिन सरकारी वकील आणि धाकटा जेमी हार्वर्डमधून वकिली शिकूनही गस्तीच्या गाडीत. दर रविवारी सगळे एका टेबलावर जेवतात, प्रार्थना होते आणि मग आठवडाभराची भांडणं बाहेर पडतात. मला ती टेबलाची दृश्यं फार आवडतात, कारण पोलिसाच्या नोकरीचा घरावर येणारा ताण तिथे दिसतो. पण बाकीचा वेळ दर आठवड्याला नवी केस. मारला गेलेला भाऊ म्हणजे 'जो', त्याच्या मृत्यूचा धागा त्यात मागे पडत राहतो.

'द शिकागो कोड'मध्ये तसं होत नाही. जॅरेक वायसॉकी हा डिटेक्टिव्ह आपल्या भावाच्या, व्हिन्सेंटच्या, खुनाचा तपास कुणी सांगितलेला नसताना करत राहतो. जॅरेकचे बारकावे बघण्यासारखे आहेत: समोर कुणी शिवी दिलेली त्याला खपत नाही, जोडीदार त्याच्याजवळ टिकत नाहीत आणि गस्तीवर असलेल्या पुतणीवर, व्हॉन्डावर, त्याचं सतत लक्ष. जेसन क्लार्कने हा माणूस फार मनापासून उभा केलाय. त्यात पोलीसप्रमुख टेरेसा कोल्विन (जेनिफर बील्स) आणि भ्रष्ट नगरसेवक गिबन्स (डेलरॉय लिंडो) यांची झुंज. गिबन्स वस्तीतल्या गरजू माणसाचं काम खरोखर करून देतो, म्हणूनच त्याला पाडणं अवघड. आपल्याकडच्या नगरसेवकांचं राजकारण जवळून पाहिलेल्याला हा माणूस अजिबात परका वाटणार नाही. शिवाय चित्रीकरण शिकागोतच झालंय, त्यामुळे शहर खरं वाटतं.

दोन्ही भाऊ जिवंत हवे असतील आणि घरात जरा हलकं वातावरण हवं असेल, तर 'नंबर्स' (२००५-१०) बघा. एक एफबीआयमध्ये, दुसरा गणिताचा प्राध्यापक.

माझं मत स्पष्ट आहे: आधी 'शिकागो कोड'. मालिका अकाली बंद पडली म्हणून बिचकू नका, व्हिन्सेंटच्या खुनाचा उलगडा १३ भागांतच होतो. रोज जेवताना घरच्यांसोबत एकेक भाग बघायचा असेल तर मात्र 'ब्लू ब्लड्स' घ्या. तिचं पहिलं पर्व २२ भागांचं आहे आणि जोचं प्रकरण त्याच पर्वाच्या शेवटी मार्गी लागतं, त्यामुळे तिथवर बघून पुढचं ठरवता येईल.