फॅटी लिव्हरवर सेमाग्लुटाइड घ्यावं की रेस्मेटिरॉम?

फॅटी लिव्हरमुळे यकृताला सूज आली, की त्या आजाराला मॅश म्हणतात, आणि त्यातून यकृत कडक होऊ लागतं. 2024 पर्यंत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या आजारासाठी मान्य केलेलं एकही औषध नव्हतं. मार्च 2024 मध्ये रेस्मेटिरॉमला मान्यता मिळाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये सेमाग्लुटाइडला. आता 'यातलं कुठलं घेऊ?' हा प्रश्न खरोखरच पडू लागलाय.

त्याआधी स्वतःचा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, नीट वाचा. समजा, कागदावर सीएपी 310 आणि 6.2 केपीए असं लिहिलंय. 310 बघून घरचे घाबरतात, पण तो आकडा फक्त चरबी किती साठलीय ते सांगतो. यकृत किती कडक झालंय ते केपीए सांगतं, आणि ते 8 च्या आत असेल तर मोठ्या फायब्रोसिसची (यकृतात व्रणासारखे तंतू वाढून ते कडक होण्याची) शक्यता कमी असते. अशा माणसाला नुसत्या यकृतासाठी या दोन्हींपैकी काहीच नको. दोन्ही औषधांची मान्यता फायब्रोसिसच्या एफ-2 (मध्यम) आणि एफ-3 (जास्त) या टप्प्यांपुरती आहे. सिरॉसिस, म्हणजे त्यापुढचा शेवटचा टप्पा, झालेला असेल तर दोन्ही बाद.

आता चाचण्यांकडे वळू. रेस्मेटिरॉमच्या चाचणीत 966 रुग्ण होते आणि 52 आठवड्यांनी पुन्हा बायोप्सी केली. 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांचा मॅश गेला. नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत पहिल्या 800 रुग्णांचे 72 आठवड्यांचे निकाल आलेत: औषध घेणाऱ्यांत जवळपास 63 टक्क्यांचा मॅश गेला, प्लासिबोवर 34 टक्क्यांचा. हे वाचून बरेच जण 63 विरुद्ध 30 असा हिशेब मांडतात, आणि तो चुकीचा आहे. एका चाचणीत प्लासिबोवरच 10 टक्के लोक सुधारले आणि दुसरीत 34. म्हणजे रुग्ण, कालावधी, बायोप्सी वाचायची पद्धत यांत कुठेतरी मोठा फरक आहे. बघायचं ते प्लासिबोपेक्षा किती जास्त मिळालं हे. फायब्रोसिस निदान एका टप्प्याने कमी होण्याचं प्रमाण सेमाग्लुटाइडवर 36.8 विरुद्ध 22.4 टक्के, तर रेस्मेटिरॉमवर 25.9 विरुद्ध 14.2. प्लासिबो वजा केला तर 14 आणि 12 उरतात. यकृताच्या कडकपणापुरतं बोलायचं तर दोघं जवळजवळ बरोबरीत आहेत. दोघांची थेट गाठ घालणाऱ्या मोठ्या चाचणीचा निकाल हाती नसताना एकाला विजयी ठरवता येत नाही.

म्हणून निवड यकृताबाहेरच्या गोष्टींवर करावी लागते. वजन जास्त आहे, मधुमेह आहे किंवा हृदयविकार आहे, तर माझं मत स्पष्टपणे सेमाग्लुटाइडच्या बाजूने. आठवड्याला एक इंजेक्शन, आणि सेमाग्लुटाइडच्या वरच्याच चाचणीत वजन सुमारे 10.5 टक्क्यांनी उतरलं. फॅटी लिव्हरचे पुष्कळ रुग्ण शेवटी हृदयविकाराने दगावतात, आणि 2023 च्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकार असलेल्या जाड माणसांत या औषधाने हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी कमी केले. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हा त्रास होतो, म्हणून 0.25 मिलिग्रॅमपासून सावकाश 2.4 पर्यंत चढायचं. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर हे औषध घ्यायचं नाही. आणि बंद केलं की वजन बरंचसं परत येतं, हे सुरू करण्याआधीच मनाशी धरा.

रेस्मेटिरॉम ही रोजची गोळी. ती यकृतातल्या थायरॉइड हार्मोनच्या रिसेप्टरवर काम करते. वजन जवळपास तेवढंच राहतं, मात्र एलडीएल कोलेस्टेरॉल 13 ते 16 टक्क्यांनी उतरतं. अंगाने बारीक असूनही यकृत कडक झालेल्यांना किंवा इंजेक्शन न सोसणाऱ्यांना हा पर्याय जास्त पटण्यासारखा. सुरुवातीला जुलाब होतात. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. रोसुव्हास्टॅटिनचा डोस या गोळीसोबत दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. अडचण किमतीची आहे: अमेरिकेत ती बाजारात आली तेव्हा वर्षाचा खर्च 47,400 डॉलर लावला होता. सेमाग्लुटाइडचं भारतातलं मूळ पेटंट मात्र मार्च 2026 पर्यंतचंच, त्यामुळे देशी कंपन्यांना वाट मोकळी होते.

एक बाब आपल्याकडच्या रुग्णांनी लक्षात ठेवावी. दोन्ही चाचण्यांत सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 च्या आसपास होता. बीएमआय 25 असलेल्या माणसाला हेच आकडे जसेच्या तसे लागू होतील असं धरता येत नाही.

सारोग्लिटाझार हे भारतीय औषध इथे 2020 पासून याच आजारासाठी मान्य आहे. त्याने यकृतातली चरबी आणि एन्झाइम उतरतात, पण फायब्रोसिसबद्दल वरच्या दोघांच्या तोडीचा पुरावा त्याच्यामागे नाही.

आणि वजन? क्युबात 293 रुग्णांवर वर्षभर नुसता आहार आणि व्यायाम करून बघितला. ज्यांनी 10 टक्के वजन उतरवलं, त्यांच्यातल्या 90 टक्क्यांचा आजार गेला आणि 45 टक्क्यांचं फायब्रोसिस मागे हटलं. एवढं वजन उतरवणारे 29 जणच निघाले, पण हा मार्ग कुठल्याही औषधासोबत चालतो. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना केपीए, वजन, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल एकाच कागदावर लिहून न्या, आणि औषध सुरू केलं तर पुढचा फायब्रोस्कॅन कधी करायचा ते त्याच भेटीत ठरवून घ्या.