गूगल कॅलेंडर: बरेच महिने रोज वापरल्यावर

फोनमधलं गूगल कॅलेंडर मी बरेच महिने रोज वापरतोय. आठवण करून देणं हे त्याचं काम आहेच, पण तेवढं तर फोनमधला गजरही करतो. माझ्या दृष्टीने त्याचा मोठा उपयोग दोन भेटींमधली जागा राखण्याचा.

संगणकावरून सेटिंग उघडलं तर ‘स्पीडी मीटिंग्ज’ असा पर्याय दिसतो. तो चालू केला की नवी नोंद करताना अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांची आणि तासाची ५० मिनिटांची धरली जाते. वाचलेल्या पाच-दहा मिनिटांत टिपणं पूर्ण होतात, पुढच्या विषयाची फाईल डोळ्यांखालून जाते. बाहेर जायचं असेल तर जाण्यायेण्याचा वेळही मी वेगळी नोंद करून अडवतो. तो मोकळा दिसला की कोणीतरी तिथे मीटिंग लावणारच!

एका नोंदीला एकाहून जास्त सूचना लावता येतात. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटला मी दोन लावतो: आदल्या संध्याकाळी जुने रिपोर्ट काढून ठेवायला, आणि दुसरी निघायच्या वेळेला. अँड्रॉइड फोन असेल तर कॅलेंडरला बॅटरी बचतीच्या निर्बंधांतून नक्की वगळा, नाहीतर काही फोनवर सूचना उशिरा येते.

परदेशातल्या लोकांशी दर आठवड्याला बोलणं असेल तर टाइम झोनकडे नीट बघा. उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासाने पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोघांतलं अंतर तासाने बदललेलं असतं. दर आठवड्याची नोंद ज्याच्या टाइम झोनमध्ये केली असेल त्याची वेळ तीच राहते, बाकीच्यांची सरकते. म्हणून कोणाच्या घड्याळाने चालायचं हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं.

सहकाऱ्यांना माझ्या कॅलेंडरमध्ये फक्त ‘व्यस्त’ एवढंच दिसतं, घरच्यांना तपशीलही दिसतात. ही सोय मला फार आवडते. आमंत्रणांसाठी ‘पाठवणारा ओळखीचा असेल तरच’ हा पर्याय निवडलात की अनोळखी लोकांच्या मीटिंगा परस्पर कॅलेंडरमध्ये येत नाहीत.

उद्या दुसरं अ‍ॅप घ्यावंसं वाटलं तरी नोंदी अडकून पडत नाहीत. संगणकावरून त्या आयसीएस फाईलमध्ये उतरवता येतात, आणि बहुतेक कॅलेंडर अ‍ॅप्स ती फाईल वाचतात.