माझ्या तळ्याचा बांध आतून पोकळ निघाला

पुरंदर तालुक्यात आमची सीताफळाची बाग आहे. बागेच्या खालच्या अंगाला ओघळ आहे. तिथं आडवा मातीचा बांध घालून स्वतःचं तळं करायचं, हे आण्णा कितीतरी वर्षं म्हणत होते. गेल्या उन्हाळ्यात ते केलं आणि परतीच्या पावसात बांध फुटला. आमचे पैसे बुडालेच, पण खाली चुलतभावाचा तोडणीला आलेला वाटाणा गाळाखाली गेला, ते जास्त लागलं. यंदा कुणी बांध घालणार असेल तर त्यानं हे वाचावं.

ठरलं होतं ते असं: बांध ४० मीटर लांब, मधोमध ४ मीटर उंच, माथा २ मीटर, पाण्याकडचा उतार १:२.५ आणि मागचा १:२. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांनी मुरूम. वीत-वीत जाडीचे थर टाकायचे, प्रत्येक थरावर टँकरनं पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. ठेकेदार मधाळ बोलणारा. "दादा, तुमच्या नातवंडांना पुरेल असा बांध देतो." सगळं तोंडी. स्टॅम्पपेपर करू म्हणालो तर त्याला वाईट वाटलं, आणि मला त्याच्या वाईट वाटण्याचीच भीड पडली.

पहिले दोन दिवस काम नीट चाललंय असं वाटलं. मग घरात लग्न निघालं, मी तीन दिवस बाहेर. परत आलो तर बांध उभा! उतार असा गुळगुळीत, जणू ओल्या हातानं सारवलाय. रोलर कुठं दिसला नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पोकलेन फिरवलाय ना वरनं, त्याच्याइतकं वजन कशाचं?" मला ते पटलं. पुढं कळलं की पोकलेनच्या रुंद पट्ट्यांवर त्याचं वजन पसरतं, त्यानं माती वरवर बसते, आत दबत नाही.

मापातही फसलो. त्यानं बांधाच्या बरोबर मधे टेप धरला, छेद ४४ चौरस मीटर काढला, ४० नं गुणला. १७६० घनमीटर, म्हणजे ६२२ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). गुणाकार बरोबर होता, मी मान डोलावली आणि रोख पैसे मोजले, पावतीसुद्धा घेतली नाही. पण ओघळीवरचा बांध दोन्ही काठांकडं उतरत उतरत शून्यावर येतो. माझे मेहुणे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी नंतर, फुटलेला भाग धरून, दर पाच मीटरला छेद घेतला. भरले जेमतेम २६० ब्रास.

तळं भरलं तेव्हा आण्णांनी नारळ फोडला. आठवड्यानं बांधाच्या पायथ्याला, तळ्यातलं पाणी बाहेर सोडायच्या पाइपाजवळ, ताटाएवढी ओल दिसली. ठेकेदाराला फोन केला. "नवा बांध आहे, पाझरणारच, गाळ बसला की थांबेल." पाणी निवळ होतं, म्हणून आम्हीही थांबलो. चौथ्या दिवशी आण्णांनी तिथं ओंजळ धरली आणि मला हाक मारली. ओंजळीतलं पाणी चहासारखं झालेलं. "पाणी गढूळ येतंय म्हणजे आतली माती चाललीय," एवढंच म्हणाले. त्या रात्री पाऊस कोसळला. पहाटे पाइपाच्या बाजूनं भगदाड पडलं आणि तळं अर्ध्या तासात रिकामं झालं.

मी हे एवढं कळकळीनं का लिहितोय, तर आमच्या खाली वस्ती नव्हती. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि माणसं वाहून गेली. तेही मातीचं होतं, आणि गळतीची तक्रार गावानं आधीच केली होती. ओलीला "पाझरणारच" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गढूळ पाणी दिसलं की त्याच घटकेला तळं उतरवायला घ्या, खालच्यांना उठवा.

फुटलेल्या जागी बांधाचं पोट उघडं पडलं होतं. मेहुण्यांनी मला हाताला धरून दाखवलं. गाभा नव्हताच. तळाशी जुनं गवत मुळांसकट तसंच होतं, म्हणजे पाया खरवडलेला नव्हता, कठीण मुरमापर्यंत खंदकही घेतलेला नव्हता. वर कोरडी ढेकळं, आणि ढेकळांत बाभळीचा एक अख्खा बुंधा. बाजूच्या शाबूत भरावात १२ मिलिमीटरची सळई हातानं ढकलली, ती कोपरापर्यंत आत गेली. मग त्यांनी एक वाळलेला खडा काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात सोडला. हलवलं नाही, काही नाही, तरी खड्याभोवती धुरासारखा गढूळपणा पसरला. चोपण माती! ती पाण्यात आपोआप विरघळते, बांधाला चालत नाही. पाच मिनिटांची परीक्षा, काम सुरू होण्याआधी करता आली असती.

थर टाकताना माती मुठीत आवळून बघायची. लाडू वळला पाहिजे आणि दाबल्यावर दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत. भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. पाइपाभोवती काँक्रीटच्या पाळ्या हव्यात, नाहीतर पाणी पाइपाच्या अंगानंच वाट काढतं. आणि गाभा झाकला जाईपर्यंत घरातलं एक माणूस तिथून हलता कामा नये, मग लग्न कुणाचंही असो. चौथा हिस्सा पैसे एक पावसाळा निघेपर्यंत हातात ठेवा, तेही लिहून.

ठेकेदार आता फोन उचलत नाही. पावती नाही, करार नाही, त्यामुळं तक्रार कुठं न्यावी तर हातात कागदच नाही.

गेल्या आठवड्यात त्याचं मशीन शेजारच्या गावात लागल्याचं कळलं. मी गेलो, त्या शेतकऱ्याला गाडीवर मागं बसवून आमच्या फुटक्या बांधावर आणलं. ते बराच वेळ बुंध्याकडं बघत उभे राहिले. निघताना म्हणाले, "भाऊ, ती सळई देता का दोन दिवस?" दिली.