बारा पॉइंट आणि मेंदीचा हात

व्हिडिओत पाण्याखाली माशांना पाव भरवणारा जो हात दिसतो, तो माझ्या भाचीचा नाही. त्या हाताला कोपरापर्यंत मेंदी आहे आणि मनगटात हिरवा चुडा आहे. भाची १९ वर्षांची, हातात एक काळा दोरा सोडला तर काही घालत नाही, आणि मेंदीच्या वासानेही तिला शिंका येतात. तरी मालवणच्या सहलीत आम्हाला फसवणाऱ्यांकडून ‘ताई, तुमचा स्कुबाचा व्हिडिओ’ म्हणून हाच मला पाठवला गेला. मागे गाणं, खाली लाल-पिवळी प्रवाळं, शेवटी अंगठा वर. कोणत्या नवपरिणीत मुलीचा हात आहे कोण जाणे. तिला तरी खरं काही बघायला मिळालं असेल, अशी आशा आहे.

आता सविस्तर सांगते, कारण नाताळच्या सुट्टीत मालवणला निघालेली निदान चार घरं माझ्या ओळखीत आहेत.

भाऊबीज उरकून दोन दिवसांनी आम्ही सांगलीहून निघालो. मी, नवरा, १४ वर्षांचा मुलगा, नणंद, तिची मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण. जायचं मुख्य कारण सासूबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी चौथीच्या वर्गाला शिवाजी महाराजांचा इतिहास वर्षानुवर्षं शिकवला. सिंधुदुर्ग कधी बांधायला घेतला, बुरूज किती, पायाभरणीत शिसं कसं ओतलं, सगळं तोंडपाठ. पण जलदुर्ग एकही पाहिलेला नाही. किल्ल्यात चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, तो एकदा बघायचा होता त्यांना. मुलांना अर्थात स्कुबा करायचं होतं.

निघण्याआधी चार दिवस मोबाइलवर शोधताना एक नंबर मिळाला. फोन घेणारा माणूस फार गोड बोलला. ‘मॅडम, आम्ही इथलेच, स्वतःची होडी आहे, मधला कोणी नाही.’ लगेच मेसेज आला: ‘बारा पॉइंट, एक दिवस, माणशी १,८५०.’ खाली यादी. स्कुबा (दोघांना), सिंधुदुर्ग किल्ला दर्शन, पद्मगड, रॉक गार्डन, डॉल्फिन पॉइंट, संगम पॉइंट, सीगल पॉइंट, खेकडा पॉइंट, भोगवे बीच, गोल्डन रॉक, निवती किल्ला, सुनामी आयलंड.

बारा! आम्ही हरखलो. सहा जणांचे ११,१०० झाले, त्यातले निम्मे ५,५५० आगाऊ. क्यूआर कोडवर पैसे टाकताना पडद्यावर जे नाव आलं, ते फोनवरच्या माणसाने सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हतं. नवऱ्याने विचारलं, तर उत्तर आलं, ‘भावाचं खातं आहे.’ एवढ्यावर आम्ही गप्प बसलो. मी स्वतः पतसंस्थेत कामाला आहे, दिवसभर लोकांना सांगते की नाव बघून पैसे टाका. लिहितानाही लाज वाटते.

सकाळी साडेआठला मालवणच्या बंदरावर बोलावलं होतं. साडेआठला तिथे कोणी नाही. साडेनऊला एक मुलगा आला, उरलेले पैसे आधी मागितले, घेतले आणि ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेला. होडी हलली तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्या होडीत आमच्यासारखी आणखी तीन कुटुंबं, प्रत्येकाचा ‘होडीवाला’ वेगळा, प्रत्येकाने दिलेले पैसेही वेगळे. छत्रपती संभाजीनगरकडच्या एका कुटुंबाने माणशी २,२०० मोजले होते, पुण्याच्या दोन मुलांनी १,२००. होडी तीच, मुक्काम तोच.

स्कुबा किल्ल्याच्या जवळच्या खडकांपाशी होतं. म्हणजे आम्ही तटाच्या इतक्या जवळ होतो की दगडांच्या सांध्यांतलं गवत दिसत होतं. सासूबाई होडीत माझ्या शेजारी, लाइफ जॅकेटमध्ये गुदमरलेल्या, पण नजर तटावर. मला बुरूज मोजून दाखवत होत्या. मुलांना एकेक मास्क दिला आणि नळी तोंडात धरायला सांगितली. टाकी पाठीवर नव्हतीच. ती होडीतच, तिच्यापासून लांब रबरी नळी पाण्यात सोडलेली. दमा आहे का, कानाचा त्रास आहे का, कोणी विचारलं नाही. एका कागदावर सही मात्र घेतली. कागद वाचायला मागितला तर म्हणे, ‘फॉर्मॅलिटी आहे.’ नंतर घरी फोटोत मोठा करून वाचला. काही झालं तर जबाबदारी आमची, एवढंच त्यात होतं.

पाणी त्या दिवशी गढूळ होतं. समुद्रावर कोणाचा हक्क चालत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘आज खाली काही दिसणार नाही’ हे पैसे घेण्याआधी सांगता येतं. मुलगा सहा-सात मिनिटांत वर आला. काय दिसलं विचारलं तर म्हणाला, ‘काकांचा पाय.’ भाचीला एक मासा दिसला, तोही बहुतेक. कॅमेरा त्यांच्यापाशी होता, पण शूटिंग करताना तिने कोणाला पाहिलं नाही. मेंदीचा व्हिडिओ संध्याकाळी आला.

मुलं वर आली तशी होडी वळली. मी म्हटलं, ‘आता किल्ला ना?’ होडीवरचा मुलगा तटाकडे हात करून म्हणाला, ‘हा काय, झाला ना किल्ला. आणि तो मागे पद्मगड.’ दोन पॉइंट, दहा सेकंदांत. मला आधी वाटलं थट्टा करतोय. मी फोन लावला. पलीकडून तोच गोड आवाज: ‘मॅडम, मेसेज नीट बघा. किल्ला दर्शन लिहिलंय. दर्शन झालं की नाही? प्रवेश कुठे लिहिलाय?’

सासूबाईंनी माझ्या हातून मोबाइल घेतला, चष्मा लावून तो मेसेज वाचला आणि म्हणाल्या, ‘शब्द त्याचा बरोबर आहे. वाचणारे चुकले.’ मग तटाकडे बघून हात जोडले. पुढचा अर्धा तास त्या काही बोलल्या नाहीत. होडीतून उतरून गाडीने पुढे निघालो, रॉक गार्डन गाडीतूनच दाखवण्यात आलं.

देवबागला पोहोचायला अडीच वाजले. जागा खरोखर वेड लावणारी आहे, हे फसले तरी कबूल करते. तारकर्लीच्या पुढे जमीन निमुळती होत जाते, एका हाताला अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला नदी समुद्राला मिळते. आता गंमत बघा. होडी त्या मुखाशी एकदा फिरवली की संगम पॉइंट झाला. तिथूनच पलीकडचा भोगव्याचा किनारा दिसतो, तो भोगवे बीच पॉइंट. लांबवर निवतीच्या बाजूला बोट दाखवलं, तिकडेच गोल्डन रॉक. सीगल होते, चार. डॉल्फिन सकाळी लवकर दिसतात, हे आम्हाला दुपारी तीनला सांगण्यात आलं. एका फेरीत सात पॉइंट, आणि पाय एकाही जागी टेकला नाही.

बारावा सुनामी आयलंड. खाडीत वर आलेला वाळूचा पट्टा आहे तो. २००४ च्या सुनामीनंतर वर आला असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा पट्टा नव्हताच, गुडघ्याच्या वर पाणी होतं. सासूबाई होडीतून उतरल्याच नाहीत. इथला होडी चालवणारा वेगळा होता, पन्नाशीचा, गप्प माणूस. त्याने आमचे चेहरे बघितले आणि आपणहून बोलला. ‘आज चवथ. चारची पाऊणपट किती? तीन. तीन वाजता भरती. तुमका ह्या टायमाक हय कोणी पाठवल्यान?’

मला कळेना. मग त्याने समजावलं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, तिला तिकडे सुकती म्हणतात. घराघरात दिनदर्शिका टांगलेली असते, आणि हा हिशेब मला कधी कोणी सांगितला नव्हता. सुनामी आयलंडवर उभं राहायचं तर सुकतीला यायचं. आम्हाला पाठवणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मुळीच नाही. त्याला त्या वेळी होडी स्वस्तात रिकामी मिळत असणार. माणशी १,८५० घेतलेत म्हटल्यावर त्या होडीवाल्याने नुसतं कपाळाला हात लावला. त्याच्या हाती किती पडतात ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही.

परत मालवणला आलो तेव्हा सव्वापाच झाले होते, किल्ल्याच्या होड्या बंद होत होत्या.

रात्री जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकींना सगळं सांगितलं. सोलकढीचं भांडं पुढे सरकवत त्या म्हणाल्या, ‘पॉइंट मोजू नको गो. पाय खंय टेकतलो ता इचार.’ एवढं एकच वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर ११,१०० वाचले असते. पाय कुठे टेकणार, किती वेळ, त्या दिवशी भरती किती वाजता, स्कुबाची टाकी पाठीवर की होडीत, होडीवर माझ्यासोबत आणखी कोण. फोनवर हे विचारलं की गोड आवाज किती गोड राहतो ते कळतं. आणि पैसे ज्याच्या नावावर जातायत तो माणूस बंदरावर समोर उभा नसेल, तर एक रुपया आगाऊ देऊ नका. सुट्टीतही होड्या मिळतात. जास्तीत जास्त रांगेत थांबावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरळ बंदरावरच्या तिकिटाच्या खिडकीशी गेलो. सहा जणांची तिकिटं मिळून आदल्या दिवशीच्या एका माणसाच्या पैशांपेक्षा कमीच झाले. होडीवाल्याने सांगितलं, तासाभरात परत यायचं. सिंधुदुर्गाचं दार होडीतून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात लपलेलं आहे, अगदी पायाशी गेल्यावर सापडतं. सासूबाई तिथे थांबून म्हणाल्या, ‘बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं की दार दिसत नाही. खरंच दिसत नाही की!’ शिवराजेश्वराच्या देवळात बसल्या, हे देऊळ राजाराम महाराजांनी बांधलं हे नातवाला सांगून झालं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चहूकडे खारं पाणी आणि मध्ये या गोड्या पाण्याच्या विहिरी. ठशापाशी मात्र त्यांनी इतिहास सांगितला नाही. स्वतःचा पंजा हवेत धरून ठशाशी अंदाज घेतला आणि म्हणाल्या, ‘एवढाच तर हात.’

येताना किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याशी गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याच्या बांधकामाला सुरुवात झाली, त्याआधी महाराजांनी पूजा केली ती इथे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हतं, तिकीट नाही, यादी नाही. पद्मगडालाही ओहोटी बघून दांडीच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं. ते आमचं राहिलं, सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले होते.

तक्रारीचं सांगते. मी आधी १९३० ला फोन करणार होते. पैसे घेऊन माणूस गायब झाला, खोट्या नंबरवर रक्कम गेली, असं असेल तर तोच नंबर, आणि जितक्या लवकर कराल तितकं पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या बाबतीत होडी आली होती, फेरी झाली होती, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला तक्रार नोंदवली. मेसेज, पैसे दिल्याची नोंद आणि तो मेंदीचा व्हिडिओ, तिन्ही जपून ठेवलं होतं म्हणून बरं. तुम्हीही बोलणं फोनवर झालं तरी शेवटी मेसेजवर लिहून घ्या. चार दिवसांनी त्या माणसाचा फोन आला, ‘१,५०० परत देतो, तक्रार काढून टाका.’ आम्ही नाही म्हटलं. पुढे अजून काही झालेलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याच नंबरवरून मेसेज आला. नाताळ ऑफर, आता चौदा पॉइंट. नवीन दोन कोणते म्हणून बघितलं, तर एक मालवण बंदर आणि दुसरा मोरयाचा धोंडा. सोबत व्हिडिओ तोच, पाव, मासे आणि हिरवा चुडा. सासूबाईंना वाचून दाखवला, तर त्यांनी विचारलं, ‘किल्ल्यापुढे काय लिहिलंय?’

दर्शनच लिहिलं होतं.