इंदिरानगरच्या हॉलमधला महिन्याचा सिनेमा, वर्षभर बघून झाल्यावर

गेल्या जूनपासून मी, सासूबाई आणि माझी आठ वर्षांची लेक अशा आम्ही तिघी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका छोट्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सिनेमा बघायला जातोय. वर्षाचे सहाशे रुपये माणशी, लहान मुलांना फुकट, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे सतरंजी, पन्नासेक माणसं दाटीवाटीने बसतात. हॉलमध्ये काही खास नाही, पण सिनेमे ज्या पद्धतीने निवडतात ते मला इतकं आवडलंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच, कुणाला आपल्या सोसायटीत असं काही सुरू करायचं असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

आधी आम्ही राहायचो त्या सोसायटीतही हा प्रकार करून झालेला. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकायचे, ज्याला जास्त मतं तो सिनेमा लावायचा, म्हणजे मत देणारे वेगळे आणि प्रत्यक्ष खाली येऊन बसणारे वेगळे. मतं द्यायची कॉलेजची मुलं आणि शनिवारी खुर्चीवर आजी-आजोबा. त्यात कुणाच्या तरी मोबाईलवरचं ओटीटी अकाउंट लॅपटॉपला जोडून लावायचे, ऐन शेवटाला गोल गोल फिरत बसायचं, आणि मुळात ती अकाउंटं घरी बघायला असतात, चारचौघांत लावायची तर हक्क असणाऱ्याची परवानगी लागते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तीन महिन्यांत बंद पडलं. त्यामुळे इथे नाव नोंदवताना मी जरा साशंकच होते.

इथे तिघं मिळून निवडतात. एक काका नोट प्रेसमधून रिटायर झालेले, एक ताई शाळेत चित्रकला शिकवतात आणि इंजिनीअरिंगचा एक मुलगा, तो लॅपटॉप-प्रोजेक्टर बघतो. पोलबिल काही नाही. नियम एकच, यादीत येणारा प्रत्येक सिनेमा तिघांनी पूर्ण बघितलेला पाहिजे आणि तोही त्याच हॉलमध्ये, त्याच प्रोजेक्टरवर. मी विचारलं की घरी टीव्हीवर बघून नाही का चालत, तर त्या मुलाने मला एका सिनेमाचा रात्रीचा सीन लावून दाखवला, जो मी घरी नीट बघितला होता, आणि इथे पडद्यावर नुसतं काळं, दोन माणसं बोलतायत एवढंच कळत होतं. त्यांचा प्रोजेक्टर तीन हजार लुमेनचा आहे (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), खिडक्यांचे पडदे पातळ आहेत, त्यात अर्धा सिनेमा रात्रीचा असेल तर माणसं वैतागणारच. आवाजाचंही तेच, फरशीमुळे हॉल घुमतो, पुटपुटत बोलणारी पात्रं असली की मागच्या तीन रांगांना काही कळत नाही. चांगला सिनेमा असूनही या कारणाने त्यांनी काही सोडून दिलेत आणि मला ते पटलं.

आणि सिनेमा संपल्यावर चिठ्ठी देतात. स्टार नाही, कसा वाटला नाही, एकच प्रश्न: कुठे कंटाळा आला? लोक अगदी मनापासून लिहितात, कारण आवडलं का विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो, कंटाळा कुठे आला विचारलं की खरं सांगतो.

पहिला सिनेमा जूनमध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला सिनेमा कसा काढला त्याची गोष्ट. नाशकात सुरुवात करायची तर फाळक्यांपासूनच करायला हवी ना, माणूस जन्मला त्र्यंबकेश्वरला १८७० साली, गेला नाशकातच १९४४ साली, आणि स्मारक इथून जवळ पांडवलेण्याच्या पायथ्याशी. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ते स्मारक पोरांना घेऊन फिरायची जागा म्हणूनच बघितलेलं. पण नुसता अभिमानाचा विषय म्हणून नाही लावला, तो सिनेमा हलकाफुलका आहे, भराभर पुढे जातो, नंदू माधव फाळके झालेत आणि सगळं घर मिळून एक खटाटोप करतंय असं वाटतं, म्हणून. अनोळखी माणसं पहिल्यांदा एकत्र बसतात तेव्हा एकत्र हसली की पुढचं सोपं जातं असं ताईंचं म्हणणं. त्यात फाळके कुंडीत वाटाणा लावून त्याची रोज थोडी थोडी फिल्म घेतात ते आहे, त्यांनी खरंच तसं केलं होतं. दुसऱ्या दिवशी लेकीने दह्याच्या रिकाम्या डब्यात वाटाणे पेरले आणि माझ्या मोबाईलवर रोज सकाळी एक फोटो, असे एकवीस दिवस. एकोणिसाव्या दिवशी डबा मांजराने पाडला, तरी दोन दिवस आडव्या रोपाचे फोटो काढले तिने. ते सगळे एकामागोमाग पळवून बघितले तेव्हा घरात सगळे गप्प होऊन बघत होते.

जुलैत आषाढीच्या आठवड्यात प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’. हा मला वाटलं जमणार नाही, दोन तासांच्या वर, जुना, ब्लॅक अँड व्हाइट. पण त्या दिवशी बाहेर चपला ठेवायला जागा नव्हती. पंचवटीतून कुणाकुणाच्या आत्या-मावश्या आल्या होत्या, तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांनी अभंग धरला की मागून बायकांचा आवाज यायचा, कुणी कुणाला गप्प केलं नाही. तुकारामांची बायको आवली चिडून चप्पल घेऊन थेट पांडुरंगाकडे निघते तिथे टाळ्या पडल्या. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हा लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत बघितलेला, घरी येताना पूर्ण रस्ता त्याच बोलत होत्या. एक चांगलं केलं की मध्ये इंटर्व्हल देऊन चहा दिला, म्हाताऱ्या गुडघ्यांना दोन तास सलग जमत नाही. आणि काकांनी सांगितलं की एवढ्या जुन्या सिनेमाला परवानगीचा प्रश्न येत नाही, आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. फक्त प्रत स्वच्छ मिळवणं हे काम असतं, पहिल्यांदा मिळालेल्या प्रतीत गाणी चिरकत होती म्हणून त्यांनी दुसरी शोधली.

आणि मग ऑगस्टमध्ये ‘कोर्ट’ लावला आणि सगळं बिनसलं.

सिनेमा वाईट आहे असं अजिबात नाही, चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला, मला स्वतःला फार आवडतो. पण दोन महिने हसून आणि गाऊन झालेल्या माणसांपुढे एकदम असा सिनेमा की ज्यात कॅमेरा लांब एका जागी उभा आणि आपण खालच्या कोर्टातल्या तारखा बघत बसलोय, वकील कायद्याचं कलम वाचतोय, ते वाचतच राहतो. ज्याला सवय आहे त्याला त्यातच मजा कळते, पण ज्याला नाही तो म्हणतो आता पुढे काय. अर्ध्या तासात माणसं उठायला लागली, खुर्च्या सरकल्याचे आवाज, जिन्यात गप्पा. मी मोजली, शेवटी चौदा माणसं होती. चिठ्ठीवर एकाने लिहिलं होतं ‘सगळीकडे’. आमच्या आई मात्र बसल्या होत्या, त्यांना ती सरकारी वकील बाई आवडली, कोर्टात एवढं तावातावाने बोलते आणि घरी येऊन सगळ्यांना जेवायला करून वाढते, ‘हे कुठे दाखवतात सिनेमात’ म्हणाल्या.

गणपतीच्या महिन्यात सुट्टी होती (मंडपाच्या स्पीकरपुढे कुणाचं काय चालणार). पुढच्या वेळी ऑक्टोबरमध्ये सुरुवातीलाच काकांनी ऑगस्टच्या सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, सगळीकडेवाली पण. आणि म्हणाले की सिनेमा बरोबर होता, आम्ही लावला चुकीच्या महिन्यात. प्रेक्षकांना समज नाही वगैरे काही नाही. मला वाटतं इथेच मी या लोकांची झाले. कारण बहुतेक ठिकाणी यातलं एकच होतं, एकतर लोकांना कळत नाही म्हणून चिडायचं नाहीतर घाबरून पुढचं वर्षभर फक्त कॉमेडी लावायची.

यांनी काय केलं तर क्रम बदलला. ऑक्टोबरमध्ये आधी फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवातीची काही मिनिटं दाखवली. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी ती नुसती कॅमेऱ्याकडे बघून चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते, राग, हसू, लाड, सहा-सात वर्षांची पोरगी. आवाज नाही काही नाही. हॉलमध्ये आधी खुसफुस झाली आणि मग सतरंजीवरची सगळी पोरं तिची नक्कल करायला लागली, ती चिडली की ही चिडतायत, मोठी माणसं पडदा सोडून पोरांकडे बघतायत. कुणाच्या लक्षातही आलं नाही की आपण काही बोलणं नसलेलं एवढा वेळ बघितलं.

आणि लगेच माजिद माजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. इराणी, भाषा कुणालाच येत नाही, पण बहिणीचे बूट भावाकडून हरवतात आणि मग दोघं एकच जोड आलटून पालटून शाळेला घालतात, ही गोष्ट कळायला भाषा कितीशी लागते. परक्या भाषेतला पहिला सिनेमा निवडताना कमी बोलणारा निवडा हे मी इथेच शिकले. तरी सबटायटल इंग्रजी, म्हणून ताईंनी आधी दहा मिनिटं मराठीत गोष्ट अर्ध्यापर्यंत सांगितली, शेवट सांगितला नाही. शर्यतीत त्या पोराला पहिला नको, तिसरा नंबर हवा असतो, कारण तिसऱ्याला बक्षीस बूट, त्या सीनला माझी लेक खुर्चीवर उभी राहिली होती. एक मोठी अडचण मात्र झाली, सबटायटल पडद्याच्या खालच्या कडेला आणि पुढच्यांची डोकी मध्ये, मागे बसलेल्यांना फक्त वरची ओळ. चिठ्ठ्यांमध्ये हेच आलं, आणि पुढच्या महिन्यात पडदा चांगला दोन फूट वर गेलेला होता.

दिवाळीच्या महिन्यात ‘वळू’, मोकाट बैल पकडायला आलेला फॉरेस्ट ऑफिसर, सगळं गाव, खूप हसलो, बाकी काय सांगायचं.

डिसेंबरचा ‘अस्तु’ मात्र सांगायलाच हवा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, डॉ. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे म्हातारे प्राध्यापक, स्मरणशक्ती जात चाललेली, आणि ते एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. हा ऑगस्टमध्ये लावला असता तर तेच झालं असतं जे ‘कोर्ट’चं झालं, कारण हाही सावकाश चालतो. पण डिसेंबरपर्यंत याच माणसांना गप्प बसून बघायची सवय लागली होती. एकही खुर्ची सरकली नाही. संपल्यावर आमच्या कॉलनीतले एक काका, त्यांच्या घरी असंच आजारपण आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे पण कुणी कधी बोलत नाही, ते उठले आणि म्हणाले मीही तिच्या गळ्यात पत्त्याचं कार्ड घालतो. मग ते पाच मिनिटं बोलले आणि त्यानंतर आता त्यांच्या घरी आळीपाळीने कुणीतरी संध्याकाळी जाऊन बसतं. पुढच्या आठवड्यात आईही गेल्या होत्या.

आता खटकलेलंही सांगते. लिफ्ट नाही, जिना उंच आहे, दोन आज्या त्यामुळे येऊ शकत नाहीत, खाली कुठे करता आलं तर फार बरं होईल. वेळेचा गोंधळ आहे, जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो म्हणून साडेसातला सुरू करतात आणि थंडीत साडेसहाला, हे बरोबर आहे पण मेसेज आदल्या दिवशी येतो, दोनदा आमची सुरुवात चुकली. लहान मुलांना कुठला चालेल हे आधी कळवायला हवं, ‘कोर्ट’ला पोरं नुसती कंटाळून पळत होती. आणि बायकांनी केलेले सिनेमे वर्षभरात अर्धाच म्हणायचा, ‘अस्तु’त सुमित्राताई होत्या तेवढंच, हे मी चिठ्ठीवर कंटाळ्याच्या प्रश्नाखाली लिहून दिलंय. पैशांचं सगळं भिंतीवर लावलेलं असतं, नव्या सिनेमांना निर्मात्याला मेल करून परवानगी घेतात, काही फुकट देतात, काही फी घेतात, वर्गणीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. यादीतला एक ठरलेला सिनेमा उत्तरच न आल्यामुळे रद्द केला, लपूनछपून लावला नाही.

पाचपैकी साडेचार. जिना नसता तर पाच. नाव नोंदवायचं असेल तर मे संपायच्या आत जा, जागा कमी आहेत.

परवा नवीन वर्षाची यादी बोर्डावर लागली. ‘कोर्ट’ परत आहे, या वेळी मार्चमध्ये, नवव्या नंबरला. आईंनी चष्मा लावून पूर्ण यादी वाचली आणि काकांना सांगून ठेवलं, मार्चला माझी खुर्ची पुढच्या रांगेत ठेवा, ती वकील बाई मला नीट बघायचीय.