एडीएचडीची (लक्ष टिकवणं अवघड जाण्याच्या विकाराची) तपासणी, कोथरूडमधलं एक क्लिनिक: 5 पैकी 4 तारे

"हुशार आहे, पण लक्ष नाही." माझ्या प्रगतिपुस्तकांवरचा हा कायमचा शेरा. इथल्या मॅडमनी नेमकी तीच पुस्तकं मागवली, कारण लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून दिसलेली असावी लागतात. एडीएचडी ठरवायला रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही, नुसते प्रश्न. आईलाही वेगळं बसवून विचारलं. "अहो, डबा तर रोज शाळेतच राहायचा," म्हणाली. घरी मात्र तिचं एकच, मोबाईल बाजूला ठेव! दुसरं काही कारण नाही ना, म्हणून झोप, थायरॉइड, चिंता हेही तपासलं, ते फार आवडलं. आधीच्या एका डॉक्टरांनी "इंजिनिअरिंगचं टेन्शन" म्हणून बोळवण केली होती.

खटकलं ते रिसेप्शन. लक्ष टिकत नाही म्हणून आलेल्या माणसाच्या हातात लांबलचक फॉर्म, आणि समोर टीव्हीवर मालिका फुल आवाजात? रिपोर्टही मागे लागल्याशिवाय मिळाला नाही.

मिथाइलफेनिडेट (एडीएचडीवरचं एक औषध) लिहून दिलं तर चिठ्ठी दोन प्रतींत घ्या. ते शेड्यूल एक्समधलं, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेलं औषध आहे, एक प्रत केमिस्ट ठेवून घेतो. प्रत्येक दुकानात मिळत नाही, कुठे मिळेल ते क्लिनिकमध्येच विचारून निघा.