छापील भूशास्त्रीय नकाशा संगणकावर: हाताने रेघा ओढाव्यात की आपोआप ट्रेस करावा?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरच्या १:५०,००० (कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर) च्या डेटावर तुमचं काम भागत असेल, तर आधी तोच घ्या. ज्यांच्या हातात फक्त कागद आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. एखादा जुना प्रबंध, पाणलोटाच्या अहवालाला जोडलेला नकाशा, नाहीतर कॉलेजच्या कपाटातली टोपोशीटवर (म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) रंगवलेली गुंडाळी. मी कराडला राहून भूजलाची कामं करतो, म्हणजे विहिरींच्या जागा सुचवणं आणि झऱ्यांची पाहणी. त्या निमित्ताने असे पाच नकाशे उतरवले. तीन पाटण-जावळीकडचे, दोन जत-कवठेमहांकाळकडचे. दोन्ही पद्धतींनी काम करून झालंय.

जिओरेफरन्सिंग, म्हणजे स्कॅन केलेला नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणं, दोन्हीकडे सारखंच आहे, त्यावर फार लिहीत नाही. फक्त एक सांगतो. जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) बेतलेले असतात. ते आकडे तसेच डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ते माप) समजून भरले तर आपल्या भागात नकाशा शंभर मीटरांहून जास्त सरकतो. म्हणजे १:५०,००० च्या कागदावर दोन मिलिमीटरांपेक्षा जास्त, आणि जमिनीवर विहीर ओढ्याच्या पलीकडे. आधी एव्हरेस्टमध्ये बसवा, मग यूटीएम झोन ४३ मध्ये (आपल्या भागाच्या मीटरमधल्या चौकटीत) बदला. नियंत्रणबिंदू (ज्यांचे अक्षांश-रेखांश ठाऊक आहेत असे बिंदू) चार कोपऱ्यांवर थांबवू नका, मधल्या ५ मिनिटांच्या छेदांवरही घ्या. घडी पडलेला कागद मधेच ताणलेला असतो.

आता मुद्द्याकडे. आपोआप ट्रेसिंग म्हणजे स्कॅनमधले रंग वेगळे काढायचे, बारीक ठिपके चाळून टाकायचे आणि उरलेल्या रंगपट्ट्यांचे पॉलिगॉन, म्हणजे बंदिस्त आकार, करायचे. हे सगळं क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्येच होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा एका संध्याकाळी अख्खी शीट पडद्यावर उभी राहिली आणि मला वाटलं, आता हाताने कोण करत बसणार!

अडचण पाटणच्या शीटवर आली, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. आपल्याकडचे लाव्हा प्रवाह जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे दोन प्रवाहांमधली संपर्करेषा डोंगराला वळसा घालत कंटूरच्या (समान उंचीच्या रेषेच्या) सोबतीनेच जाते. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर २० मीटरचे कंटूर कागदावर ०.४ मिलिमीटर अंतराने येतात. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये ते अंतर चार-पाच पिक्सेल भरतं. त्यात काळी संपर्करेषा घुसलेली, वर गावाच्या नावाचं अक्षर, खाली हिरव्याच्या दोन छटा आणि त्याही उन्हाने विटलेल्या. संगणकाला यातलं काहीही वेगळं दिसत नाही. तो तपकिरी कंटूरवर चढतो, दोन बोटं पुढे जाऊन परत संपर्करेषेवर उतरतो. काम संपल्यावर रेघ इतकी गुळगुळीत दिसते की चूक कुठे झाली ते कळतच नाही. नुसतीच वेडीवाकडी आली असती तर मी दुरुस्त केली असती.

मला ती चूक कळली ती शेतात. झरा जिथे फुटतो तिथे बहुधा खाली काळा पाषाण (घट्ट बसाल्ट) आणि वर मांजऱ्या (सच्छिद्र बसाल्ट) असतो. दोहोंच्या मधे कधीकधी तांबडा मातकट थर, ज्याला आम्ही रेड बोल म्हणतो. डिजिटल नकाशावर संपर्करेषा झऱ्याच्या दोन कंटूर वर होती. मूळ कागद काढून भिंगाखाली पाहिला, तर कागदावर ती झऱ्याला अगदी लागून होती. नकाशा करणाऱ्याने डोंगर चढून ती जागा बरोबर टिपली होती, आणि मी ती चाळीस मीटर वर नेऊन ठेवली होती. पाणी जिरवायचे चर कुठे खणायचे हे गावाने याच रेषेवरून ठरवायचं होतं.

दुसरी तक्रार तुटक रेघांची. भूशास्त्रीय नकाशात सलग रेघ म्हणजे पाहून टिपलेली हद्द, तुटक म्हणजे अंदाजाने जोडलेली. ट्रेसिंगमध्ये तुटक रेघ एकतर गळते, नाहीतर रंगाच्या कडेवरून सलग होऊन येते. नकाशा करणाऱ्याने प्रामाणिकपणे ‘इथे मला खात्री नाही’ असं सांगितलेलं असतं, ते आपण पुसून टाकतो. हे मला फार खटकतं.

म्हणून आता मी हातानेच करतो, म्हणजे पडद्यावरच्या स्कॅनवरून माउसने रेघा ओढतो. पॉलिगॉन थेट काढत नाही, आधी फक्त रेघा. प्रत्येक रेघेला एक रकाना: सलग, तुटक, डाइक (खडकात घुसलेली लाव्हाची उभी भिंत) की भ्रंश (खडक तुटून सरकल्याची रेघ). स्नॅपिंग (रेघांची टोकं आपोआप जुळवणारी सोय) चालू. प्रत्येक पट्ट्यात एक बिंदू ठेवून त्याला प्रवाहाचं नाव द्यायचं. शेवटी हद्दीच्या रेघांवरून पॉलिगॉन बनवायचे आणि बिंदूंची नावं जागेनुसार त्यांना जोडायची. या क्रमाने गेलं की शेजारच्या दोन पॉलिगॉनमध्ये फट राहत नाही, कारण हद्द एकदाच ओढलेली असते. डाइक आणि हद्दीला न जुळणारे भ्रंश मात्र रेघा म्हणूनच वेगळे ठेवा.

वेळ जास्त लागतो, हे खरं. घड्याळ लावून मोजलं नाही, पण जावळीच्या शीटला माझे तीन शनिवार-रविवार गेले. ट्रेस केलेली पाटणची शीट संध्याकाळी तयार झाली आणि तिची साफसफाई पुढे दोन आठवडे रोज रात्री चालली. शिवाय हाताने ओढताना प्रत्येक डोंगराशी ओळख होते. पुढे त्या भागात गेलो की कोणत्या सोंडेवर काय आहे ते आठवतं. याची किंमत मी तरी बरीच लावतो.

सांगलीच्या पूर्वेला मात्र मी एवढं ठामपणे बोलणार नाही. जतकडे जमीन उघडी आणि बरीच सपाट आहे, कंटूर विरळ. तिथल्या एका शीटवर ट्रेसिंग चांगलं चाललं. रंग टवटवीत होते आणि रेघांची गर्दी नव्हती. कृष्णाकाठचा गाळाचा पट्टा ठळक वेगळ्या रंगात असेल तर तोही असाच सहज निघावा. नुसता काळ्या शाईचा, कंटूर नसलेला नकाशा असेल तरी ट्रेसिंग करून पाहायला हरकत नाही. फक्त रेघांचे प्रकार नंतर हाताने भरा.

बाहेरून करून घ्यायचा पर्यायही आहे. एकदा दिलं होतं. काम वेळेत आणि नीटनेटकं आलं, पण सगळ्या रेघा एकाच प्रकारच्या. रस्त्यांचे नकाशे करणाऱ्याला तुटक रेघेचं महत्त्व कसं कळावं? द्यायचंच असेल तर रेघांचे प्रकार आधी लिहून द्या आणि पहिल्या चौरस फुटाचं काम तपासल्याशिवाय पुढचं करू देऊ नका.

तुमची शीट घाटाकडची असेल तर माझ्या मते हातानेच करा, आणि मूळ कागद शेजारी उघडा ठेवा. पडद्यावर रेघ सलग वाटली तरी कंटूरला चिकटलेल्या प्रत्येक ठिकाणी भिंग धरून बघा. पाटणची शीट नंतर पुन्हा हाताने काढली तेव्हा मला असं अकरा ठिकाणी करावं लागलं, आणि त्यातल्या चार ठिकाणी पडद्यावर मी पाहत होतो तो कंटूर निघाला.